मुरलेलं बीड : खानदेशातल्या जुन्या इंजिन-ब्लॉकची पारख

१

धुळ्यात जुने कागद पाहायला येणारा माणूस राजवाडे संशोधन मंडळात जातो. मीही जातो. पण गेल्या काही वर्षांत मंडळातलं वाचन संपलं, की माझी पावलं आग्रा रोडकडे वळतात. कॅप्टन ब्रिग्जनं एकोणिसाव्या शतकात आखलेलं, गल्ल्यांना क्रमांकांनी ओळखणारं हे शहर. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-नागपूर महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. दोन मोठे रस्ते जिथे भेटतात तिथे धर्मशाळा होतात, खानावळी होतात आणि दुरुस्तीची दुकानंही होतात. लळिंगचा घाट उतरून आलेला किंवा शिरपूरकडून बिजासन घाट चढायला निघालेला ट्रक बिघडला, तर तो धुळ्याच्याच वळचणीला येणार. त्यामुळे इथे गॅरेजांच्या रांगा आहेत, भंगाराची दुकानं आहेत आणि त्यांच्या अधूनमधून इंजिनं रिबोर करून देणारे लहान कारखाने आहेत.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे शेवटची वर्षं याच गावात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच वारले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, त्याच्या आधी आणि नंतरही हा माणूस गावोगावची दप्तरं धुंडाळत हिंडला. वाळवीच्या किंवा वाण्याच्या हाती पडण्याआधी कागद वाचावेत, एवढ्यासाठी. मराठीत ‘वाचणं’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत आणि संशोधकाला दोन्ही लागतात. जे वाचलं तेच वाचता येतं.

मला आग्रा रोडवर जी साधनं सापडली ती कागदाची नाहीत, बिडाची आहेत. बीड म्हणजे इथे मराठवाड्यातला जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. तव्यापासून पाइपापर्यंत आणि शिलाई मशिनच्या पायापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत सगळं बिडाचंच. भंगारवाल्याकडे जुने ब्लॉक एकावर एक रचलेले असतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ट्रक भरून ओतशाळांकडे जातात. भट्टीत जाण्याआधी वाचला तरच तो वाचतो, हे दप्तराइतकंच ब्लॉकलाही लागू आहे.

या लेखात मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. जुना ब्लॉक पुन्हा इंजिन उभारायला योग्य आहे की नाही, हे मिस्त्री ज्या खुणांवरून ठरवतो ती पारख काय आहे, ही पहिली. आणि त्याच खुणा आपल्याला खानदेशच्या पाण्याचा आणि रस्त्याचा असा इतिहास सांगतात, जो कुठल्याही दप्तरात नाही, ही दुसरी.

२

ज्यांचा इंजिनाशी फक्त चावी फिरवण्यापुरता संबंध आहे, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. त्यात गोल नळकांडी असतात, त्यांत पिस्टन वर-खाली धावतो. नळकांड्याच्या भोवती पाण्यासाठी पोकळी असते. खाली क्रँक बसण्याची अर्धगोल घरं असतात आणि वर सपाट माथा, ज्यावर गॅस्केट ठेवून हेड आवळतात. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, झडपा, पंप हे सारं बदलता येतं. बदलायचं नसतं ते धड. म्हणून इंजिन नव्यानं बांधायचं झालं, की पहिला प्रश्न एकच : ब्लॉक कसा आहे?

पारख सुरू होते ती डोळ्यांनी. ताजा रंग मारलेला ब्लॉक दिसला की जाणता मिस्त्री आधी सावध होतो. रंगाखाली वेल्डिंग लपतं, गंज लपत नाही. त्यापेक्षा उघडा, लालसर गंजलेला ब्लॉक प्रामाणिक. मग नंबर. इंजिनाचा नंबर ब्लॉकवरच कोरलेला असतो आणि गाडीच्या नोंदणी पुस्तकात तोच लिहिलेला असतो. तो घासलेला, पुन्हा ठोकलेला असेल तर ब्लॉक कितीही चांगला असो, हात लावायचा नाही. एमएच-१८ म्हणजे धुळं आणि एमएच-१९ म्हणजे जळगाव, पण दोन्हीकडच्या आरटीओत प्रश्न एकच विचारतात : हे इंजिन आलं कुठून? म्हणून भंगारातून घेतलेल्या ब्लॉकचीही पावती घ्यावी आणि गाडीत इंजिन बदललं की नोंद करून घ्यावी.

त्यानंतर कान. ब्लॉक लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून लहान हातोडीनं टिचकी मारायची. धड बीड घंटेसारखं लांबवर वाजतं, तडा गेलेलं मडक्यासारखं बद्द बोलतं. मी पहिल्यांदा ही परीक्षा पाहिली तेव्हा मिस्त्री अहिराणीत म्हणाले होते, “कान दिसन आयक, भाऊ.” कान देऊन ऐक. आवाजावर निकाल लागत नाही, पण संशय कुठे घ्यायचा ते कळतं.

मग मोजमाप. रिंगा ज्या उंचीवरून उलट्या फिरतात, तिथे नळकांडं सगळ्यात जास्त झिजतं, कारण तिथे उष्णता आणि दाब सर्वांत जास्त आणि तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. त्याच्या वर रिंग पोचत नाही, म्हणून तिथे मूळ मापाचा एक ओठ शिल्लक राहतो. बोट आत घालून खालून वर फिरवा. नख ज्या ओठाला अडकतं, त्याची जाडी म्हणजे त्या इंजिनाची चाल. पिस्टन वर-खाली जाताना एका बाजूच्या भिंतीवर जास्त रेलतो, त्यामुळे नळकांडं गोल न राहता लांबट होतं. म्हणून बोअर गेजनं वर, मध्ये आणि खाली, क्रँकच्या दिशेनं आणि तिच्या आडव्या दिशेनं, अशी किमान ६ मापं प्रत्येक नळकांड्याची घ्यायची. कारखान्यात अजूनही मोजणी ‘थाऊ’त चालते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरच्या हिशेबात ०.०२५४.

झिजलेलं नळकांडं कापून पुन्हा गोल करायचं आणि मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा, हे रिबोर. मापं ठरलेली असतात : १०, २०, ३०, ४० थाऊ. चाळीस झालं की त्या ब्लॉकचा मूळ देह संपला. नंतर फार तर आत स्लीव्ह ठोकून मूळ मापावर आणायचं. मिस्त्री लोक त्याला दत्तक भिंत म्हणतात.

शेवटी उरतं ते पाणी आणि तडा. पाण्याच्या पोकळीत तार घालून क्षार किती साचला ते पाहायचं. खानदेशातल्या विहिरींचं जड पाणी ज्यांनी प्यायलं आहे त्यांना ते सांगायला नको. माथ्यावर आणि क्रँकच्या घरांवर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज जातं का ते पाहायचं. तड्याची परीक्षा मात्र सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त : संशयाच्या जागी रॉकेल लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेष उमटते.

ही रेष मी वयाच्या चौदाव्या वर्षी पाहिली. पण ते पुढे.

३

आता इतिहासाकडे. आग्रा रोडवर आणि जळगावच्या भंगारपट्टीत मी जे ब्लॉक उलथेपालथे करून पाहिले, त्यांचे ढोबळ दोन वर्ग पडतात : रस्त्यावरचे आणि विहिरीवरचे. दोहोंच्या नळकांड्यांत सांगण्यासारखा फरक आहे.

रस्त्यावरचे आधी घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप नावाची वस्तू आपल्याकडे आली. विलीज जीपचं चार नळकांड्यांचं पेट्रोल इंजिन १३४ घन इंचांचं, म्हणजे सुमारे २२०० सीसीचं. नळकांड्याचा व्यास ३ इंच १ सूत आणि पिस्टनची धाव ४ इंच ३ सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे मोजमाप गवंड्यापासून लेथवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडात आहे. महिंद्रानं पुढे याच जातीच्या जीप इथे बनवल्या. १९५४ साली टेल्कोनं मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं ट्रक बनवायला घेतले. त्यांतलं सहा नळकांड्यांचं डिझेल इंजिन ९० मिलिमीटर व्यासाचं आणि १२० मिलिमीटर धावेचं होतं. पुढच्या इंजिनांची नावंच मापावरून पडली. ६९२ म्हणजे ६ नळकांडी, ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे ६ नळकांडी, ९७ मिलिमीटर. आकडे ऐकून ब्लॉक ओळखणारे मिस्त्री त्यातून तयार झाले.

तो परवान्यांचा काळ होता. नवी गाडी पैसे भरून लगेच मिळत नसे, आयातीवर बंधनं होती, सुटे भाग दुर्मीळ होते. परिणाम ब्लॉकवर दिसतो. त्या काळातले जीपचे आणि ट्रकचे जे ब्लॉक आज भंगारात सापडतात, ते शेवटच्या थाऊपर्यंत खाल्लेले असतात. चाळीसला पोचून स्लीव्ह ठोकलेले, एक-दोन नळकांड्यांना दुसऱ्यांदा स्लीव्ह बसवलेले, बोल्टाचे आटे उडाल्यावर मोठ्या मापाचे पाडलेले, पितळी वेल्डिंगचे पिवळे ओघळ अंगावर मिरवणारे. ऊस चरकातून तिसऱ्यांदा काढल्यावर त्याचं जे होतं, ते. टंचाई म्हणजे काय, ती लोकांनी कशी भागवली, याचा एवढा स्वच्छ पुरावा मला कुठल्या अहवालात मिळालेला नाही.

त्या टंचाईनंच रिबोरचा धंदा उभा केला आणि पारखही. चूक महाग होती. तडा न ओळखता रिबोरवर पैसे घातले तर ते बुडाले, आणि दुसरा ब्लॉक मिळेपर्यंत गाडी उभी.

या वर्गात एक अपवाद आहे, तो लक्षात ठेवण्यासारखा. पेट्रोल महागत गेलं तसं अनेकांनी जीपमधलं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवून घेतलं. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसं कोंबून आणणाऱ्या जीपगाड्यांना दुसरं परवडतच नव्हतं. उतरवलेलं पेट्रोल इंजिन मग गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याखाली, कित्येकदा दहा-वीस थाऊवरच थांबलेलं. झिजून गेलेलं नव्हे, भाव न परवडून निवृत्त झालेलं. असे ब्लॉक अजून निघतात.

४

दुसरा वर्ग विहिरीवरच्या इंजिनांचा. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात आधी मोट होती. मग ऑइल इंजिन आलं. सातारचं कूपर, १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं आणि राजकोटच्या कारखान्यांत बनणारं लिस्टर जातीचं. मूळ लिस्टर इंग्लंडमधल्या डर्सली गावचं. त्याचं ६ अश्वशक्तीचं एकनळी इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेई. व्यास साडेचार इंच, धाव साडेपाच इंच, दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेला येतील एवढी गरगर फिरणारी चाकं. त्याचा डुग-डुग आवाज गावातून ऐकू येई आणि कोणाच्या शेतात पाणी चालू आहे ते आवाजावरून कळे.

आमच्याकडेही राजकोटी बनावटीचं तेच होतं. इंजिन थंड ठेवायला पंपाच्या पाण्यातूनच एक रबरी नळी ब्लॉककडे वळवलेली असे. १९८४च्या मे महिन्यात, जळगावकडचा पारा ४५च्या आसपास असताना, वडिलांनी मला इंजिनापाशी बसवलं आणि ते बाजाराला गेले. मी निंबाखाली झोपलो. जाग आली तेव्हा नळी निसटून पडलेली होती आणि इंजिन वेगळ्याच आवाजात चालत होतं. घाबरून मी इंजिन बंद केलं नाही. नळी उचलली आणि परत जोडली. तापलेल्या बिडावर विहिरीचं थंड पाणी धावलं. आवाज झाला तो मोठा नव्हता. पेन्सिल मोडावी एवढाच.

जळगावच्या कारखान्यात मिस्त्रींनी रॉकेल लावलं, पुसलं, खडू चोळला. पांढऱ्यावर केसासारखी काळी रेष उमटली, नळकांड्याच्या भिंतीवर, पाण्याच्या बाजूला जाणारी. मिस्त्रींनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसरा ब्लॉक मिळून इंजिन उभं राहीपर्यंत केळीनं माना टाकल्या होत्या आणि मोठ्या बहिणीचं लग्न त्या वर्षी होऊ शकलं नाही. घरात त्यावर कोणी मला बोललं नाही. बोलले असते तर कदाचित मी या विषयाच्या नादी लागलो नसतो.

दुसरा ब्लॉक पुढे किती वर्षं चालला, हे मी मोजलेलं नाही, आणि तीच माझी दुसरी चूक. नव्वदच्या दशकात ते इंजिन बंद पडलं, म्हणजे आम्ही ते बंद केलं, आणि काही वर्षांनी मीच ते किलोवर विकलं. झिजलं असेल असं मी धरून चाललो. पुढे भंगारात विहिरीवरच्या इंजिनांचे ब्लॉक मोजू लागलो तेव्हा चकित झालो. कित्येकांची नळकांडी मूळ मापाची किंवा एकदाच रिबोर झालेली. ओठ नखाला जेमतेम लागेल एवढा. जीपच्या ब्लॉकमधली ती कोरडी हाडं इथे नव्हती. ही इंजिनं म्हातारी होऊन मेली नव्हती. मग यांना सोडलं का?

१९६० साली वीज मंडळ आलं, मोटारी आल्या, हे एक कारण. पण मोटार आल्यावरही ऑइल इंजिन राखीव म्हणून विहिरीवर राहत असे, कारण वीज केव्हा जाईल याचा नेम नव्हता. दुसरं कारण पाण्याच्या तळाशी आहे. काठावरचा पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या जोरावर. हा दाब पाण्याला तत्त्वतः १० मीटर आणि व्यवहारात ७-८ मीटरपर्यंतच वर चढवू शकतो. इंजिन कितीही ताकदीचं असो, या मर्यादेपुढे त्याचं काही चालत नाही. विहिरीतलं पाणी खाली गेलं तेव्हा लोकांनी विहिरीच्या आत टप्पा काढून इंजिन खाली उतरवलं. पाणी आणखी खाली गेलं तेव्हा आणखी एक टप्पा. यावल-रावेरच्या जुन्या विहिरींत डोकावलं तर हे टप्पे अजून दिसतात. मग कूपनलिका आल्या, पाण्यात बुडून राहणारे पंप आले, आणि काठावरच्या इंजिनाचा धागाच पाण्यापासून तुटला.

म्हणजे रस्त्यावरचा ब्लॉक माणसानं संपवला आणि विहिरीवरचा ब्लॉक पाण्यानं सोडला. एकाची नळकांडी टंचाईची साक्ष देतात, दुसऱ्याची उपशाची. भूजलाच्या पातळीचे आकडे सरकारी तक्त्यांत मिळतात. पण धडधाकट, अर्धंही आयुष्य न जगलेलं बीड भट्टीकडे जाताना पाहिलं, की तो उतरता आलेख हाताला लागतो.

५

हे सगळं मनात असताना गेल्या वर्षी माझा भाचा माझ्याकडे आला. ज्या बहिणीचं लग्न लांबलं होतं, तिचा मुलगा. त्याला आजोळची जुनी जीप डोंगर-नाल्यातल्या स्पर्धांसाठी उभी करायची होती, मूळ पेट्रोल इंजिनासह, पण मूळच्यापेक्षा ताकदीची. त्यानं दोन ब्लॉक हेरून ठेवले होते. “मामा, एक एकदम तयार आहे, चाळीसवर केलेला. मोठं बोअर म्हणजे जास्त पॉवर. दुसरा गंजलेला आहे.”

आम्ही दोन्ही धुळ्याला आमच्या ओळखीच्या कारखान्यात नेले. हे मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. त्यांनी आधी हिशेब करायला लावला. ३ इंच १ सूताच्या नळकांड्यात ४० थाऊ वाढवले, तर इंजिन २१९९ सीसीवरून २२५६वर जातं. वाढ ५७ सीसी, शंभराला अडीच. आणि त्या बदल्यात भिंत प्रत्येक बाजूनं अर्धा मिलिमीटर पातळ होते, तीही खानदेशच्या उन्हात, डोंगरात पहिल्या गिअरवर तासन्‌तास रेटायच्या इंजिनाची. पातळ भिंत तापते, हलते, रिंग तिच्यावर नीट बसत नाही, आणि कमावलेली ताकद रिंगांच्या फटीतून खाली निघून जाते.

कारखानदार व्यास वाढवतात, नाही असं नाही. किर्लोस्करचं एव्ही-१ इंजिन ८० मिलिमीटर व्यासाचं, ५ अश्वशक्तीचं. टीव्ही-१ची धाव तीच ११० मिलिमीटर, व्यास साडेसत्त्याऐंशी, आणि ताकद ७. पण ते ओतायच्या आधी ठरवून केलेलं असतं. भिंतीसाठी बीड राखून ठेवलेलं असतं. ओतून झाल्यावर आपण जे कापतो, ते मुद्दलातून.

विलीजचीच गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्यांचं युद्धकाळातलं इंजिन ६० अश्वशक्तीचं. त्यानंतरचं, म्हणजे आपल्याकडच्या जीपमधलं, सत्तरीच्या पुढचं. नळकांड्याचा व्यास दोन्हींत तोच, धावही तीच. बदललं काय, तर हवा आत घेणारी झडप ब्लॉकमधून काढून वर हेडमध्ये नेली आणि मोठी केली. म्हणजे दहाहून अधिक अश्वशक्ती बीड न कापता, श्वास मोकळा करून मिळवली. मिस्त्रींचं म्हणणं तेच होतं. ताकद हेडमध्ये शोधा, श्वासात शोधा, दाबात शोधा. ब्लॉककडून फक्त एक मागा : त्यानं हलू नये.

या हलण्यावरून ‘मुरण्या’चा विषय निघाला. ओतलेलं बीड साच्यात सगळीकडे सारखं थंड होत नाही. पातळ भाग आधी निवतो, जाड भाग नंतर, आणि त्या ओढाताणीचा ताण धातूत अडकून राहतो. जुन्या ओतशाळांत म्हणून ओतीव काम महिनोन्‌महिने अंगणात उन्हापावसात पडू देत आणि मगच लेथवर घेत. हजारो वेळा तापून निवलेल्या ब्लॉकमध्ये हा ताण बराच निघून गेलेला असतो. लोणचं मुरावं तसं बीड मुरतं. ही आपल्याकडची अडाणी समजूत नाही. १९८३ साली ब्राझीलचा नेल्सन पिके ब्रॅबहॅम-बीएमडब्ल्यू गाडीतून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. त्या गाडीतलं दीड लिटरचं टर्बो इंजिन बीएमडब्ल्यूच्या साध्या रस्त्यावरच्या गाडीच्या बिडाच्या ब्लॉकवर बांधलेलं होतं, आणि पॉल रोश यांचे लोक त्यासाठी भरपूर चाललेले जुने ब्लॉक निवडत, असं सांगतात. धुळ्याच्या मिस्त्रींनी रोश यांचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांना त्याची गरजही नव्हती.

पण मुरलेलं आणि कुजलेलं यांतला फरक ओळखणं म्हणजेच पारख. भाच्याचा ‘तयार’ ब्लॉक रंग खरवडल्यावर बोलू लागला. एका बाजूला पितळी ओघळ, दोन बोल्टांचे आटे मोठे केलेले. गंजलेला ब्लॉक गोठ्यातून निघाला होता. कधीतरी डिझेल बसवताना उतरवलेला, नंबर स्वच्छ, पावती मिळण्याजोगा, आणि दहा थाऊवर थांबलेला. मापं घेतली. सगळ्यात झिजलेलं नळकांडं वीसमध्ये स्वच्छ होणार होतं. चारही वीसवर करायची, त्यापुढे थाऊभरही नाही, असं ठरलं. पुढच्या माणसासाठी तीस आणि चाळीस शिल्लक.

उरली तड्याची परीक्षा. या इंजिनात जळालेला वायू बाहेर टाकणारी झडप ब्लॉकमध्येच बसते आणि तिच्या खुर्चीपासून नळकांड्यापर्यंतचा अरुंद पूल तडकण्यात पटाईत असतो. मिस्त्रींनी रॉकेलचा बोळा भाच्याच्या हाती दिला. त्यानं चारही पुलांवर तो फिरवला. आम्ही चहा मागवला. चहा संपल्यावर त्यानं कोरडं पुसून खडूची पूड चोळली आणि आम्ही तिघं वाकून पाहत राहिलो.

चाळीस वर्षांपूर्वीची रेष माझ्या डोळ्यांपुढे होती. भाच्याला ती गोष्ट माहीत नाही. त्याच्या आईनं कधी सांगितलेली नाही. तीन पूल पांढरे राहिले. चौथ्यावर मिस्त्रींनी आणखी एकदा रॉकेल लावायला सांगितलं, जास्त वेळ थांबायला सांगितलं, पुन्हा खडू. तोही पांढराच राहिला.

“हाऊ मरेल नही शे,” मिस्त्री म्हणाले. हा मेलेला नाही.

दसऱ्याला त्या कारखान्यात बोरिंग मशिनला हळदकुंकू लागलं तेव्हा शेजारी तो ब्लॉक होता, वीसवर गोल झालेला. मिस्त्रींचा मुलगा हा धंदा करत नाही, आणि तो करावा असा त्यांचाही आग्रह नाही. नवी इंजिनं वेगळ्या धातूची आहेत, त्यांच्या दुरुस्तीचं गणित वेगळं आहे. २०२१मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण आलं, आणि त्यामागची कारणं खोटी नाहीत. जुना धूर परत आणा, असं मी म्हणत नाही. माझं मागणं संशोधकाचं आहे. भंगारच्या काट्यावर चढण्याआधी प्रत्येक ब्लॉकची चार मापं कोणीतरी वहीत उतरवावीत : जात, गाव, बोअर, सोडण्याचं कारण. शाळेतल्या पोरांनाही जमेल एवढंच हे काम आहे. आमच्या विहिरीवरच्या ब्लॉकची ती चार मापं मी घेतली नाहीत. त्या विहिरीच्या आतले टप्पे मात्र अजून आहेत. मी या उन्हाळ्यात ते मोजून आलो. तीन आहेत, आणि तिसऱ्याच्या खालीही पाणी नाही.